गवताचा मुहूर्त

संस्कृत व्याकरण शिकविताना चतुर्थी विभक्तीच्या प्रकरणात एक गमतीचा नियम येतो. 'मन्' म्हणजे मानणे. या धातूच्या कर्माविषयी अनादर दाखवावयाचा असेल, आणि ते कर्म प्राणी नसेल, तर त्याला द्वितीयेऐवजी विकल्पाने चतुर्थीही लागते, असे पाणिनी सांगतो. वैयाकरणांनी या नियमाचे पिढ्यान्‌पिढ्या दिलेले ठराविक उदाहरण गवताचे आहे. एखाद्यास अगदी कस्पटासमान लेखावयाचे असले की त्याला गवत मानावे, आणि त्या गवताला चतुर्थी लावावी. तीस-बत्तीस वर्षे हा नियम मी फळ्यावर लिहिला व मुलांकडून घोकून घेतला. परंतु अनादराच्या या उदाहरणासाठी गवताचीच निवड का व्हावी, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नाही. आणि खरे सांगावयाचे तर तो मलाही कधी पडला नाही.

तो पडला सेवानिवृत्तीनंतर, आणि तोही एका बैलाच्या तोंडामुळे.

आमचे मूळ घर मावळात, मळवली स्टेशनापासून दीडएक कोसावर. खालच्या अंगास भाताची खाचरे, आणि त्यांच्या वर, डोंगराच्या पायथ्याला टेकलेला चार एकरांचा गवताचा माळ. मावळची जमीन पाहावयाची ती पावसासह पाहावी लागते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस अवघ्या तीस किलोमीटरांवरील तळेगावापर्यंत येता येता तो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. आम्ही या दोहोंच्या मध्ये. एवढ्या पावसाने डोंगरउतारावरची माती धुपून पातळ होते, तिच्यातील कस वाहून जातो, आणि नाचणी-वरईसुद्धा जेथे जेमतेम उभी राहते तेथे गवत मात्र कमरेएवढे वाढते. न पेरता, न खुरपता, न मागता येते. म्हणूनच बहुधा त्याची किंमत कोणी करीत नाही.

माझी नोकरी चालू होती तोवर शेताचा सारा कारभार धाकटे बंधू पाहात. मी निवृत्त होऊन घरी आलो, आणि त्याच सुमारास त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. साहजिकच २०१८ साली माळाची व्यवस्था मजकडे आली. मी काही नवे केले नाही. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली पद्धत अशी की आधी भात, मागाहून गवत. भात कापावे, झोडावे, कणग्या भराव्यात, दिवाळी करावी, आणि मग मोकळ्या झालेल्या मजुरांच्या हाती विळे देऊन त्यांना माळावर पाठवावे. त्याप्रमाणे कार्तिक बराचसा उलटल्यावर गवत कापले. ते सोन्यासारखे पिवळे दिसत होते, पेंढ्या हलक्या होत्या, वाळविण्याचे कष्टही नव्हते. गंज रचून झाला तेव्हा मी स्वतःवर प्रसन्न होतो.

तीनेक आठवड्यांत एका बैलाने वैरणीस तोंड लावीनासे केले. तालुक्याहून पशुवैद्य आले. त्यांनी जबडा उघडून मला आत पाहावयास सांगितले. जिभेखाली आणि हिरड्यांत कुसळे रुतून बसली होती, आणि भोवताली जखमा चिघळल्या होत्या. तो मुका जीव भुकेने गवत ओढी, वेदनेने सोडून देई, आणि पुन्हा ओढी. दोन्ही गाईंचे दूधही वेळेस निम्म्यावर आले. गोठ्यात गंजभर गवत असताना जनावरे उपाशी, असा तो प्रकार होता.

गवत कापावयास येणाऱ्या बायांमध्ये सत्तरी ओलांडलेली एक ठाकर आजी आहे. बैलाची हकीकत कळल्यावर ती गोठ्याशी आली, गंजातून एक चूड उपसून तिने हातावर चोळली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमी गवात न्हाई कापलं. गवताची हाडं गोळा केली."

"मग कधी कापावयास हवे होते, आजी?"

"फुलात. हत्ती सरला, चित्रा लागली, का कापायचं. कुसळ हिरवं असतंय तवा. भात थांबंल चार दिस, गवात न्हाई थांबत."

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, एवढे मला ठाऊक होते. बाकीचे ठाऊक नव्हते. अमरकोशात कोवळ्या गवताला 'शष्प' असा निराळा शब्द आहे, जनावराच्या चाऱ्याला 'यवस' आणि 'घास' आहे, हिरव्यागार गवताळ भूमीला 'शाद्वल' आहे. हे सारे मला मुखोद्गत होते. परंतु शष्पाचे यवस केव्हा होते आणि यवसाचे नुसते काड केव्हा होते, हे त्या निरक्षर बाईस कळत होते, मला नव्हते.

त्या हिवाळ्यात मी लाज गुंडाळून शिकावयास बसलो. प्रथम नावे शिकलो. दुरून एकसारखा दिसणारा आमचा माळ म्हणजे गवतांचे एक मोठे एकत्र कुटुंबच आहे. पवन्या, शेडा, मारवेल ही त्यांतील कसदार आणि जनावरांच्या आवडीची मंडळी. डोंगरी गवत मध्यम. आणि कुसळी ही अशी, की वेळेवर कापली तर उपयोगी, वेळ चुकली तर वैरीण. फुलोऱ्यावर असताना अशा गवतात प्रथिनांचे प्रमाण साधारण सहा-सात टक्क्यांच्या घरात असते. फूल सरून बी धरू लागले की सारा कस आधी बियांकडे आणि मग मुळांकडे जाऊ लागतो. काडी लाकडासारखी कठीण होते, आणि बी झडून गेल्यावर उरते त्यात प्रथिने दोन-तीन टक्केही मुश्किलीने सापडतात. जनावराचे पोट भरते, अंग भरत नाही. म्हणजे आजीचे 'हाडं' हे विशेषण अलंकारिक नव्हते, अगदी यथार्थ होते.

कुसळीची करामत तर पाहण्यासारखी आहे. तिच्या बीचे टोक सुईसारखे, आणि दुसऱ्या अंगास लांब, पीळ पडलेले कुसळ. दमट हवा लागली की पीळ उलगडतो, कोरडी लागली की पुन्हा बसतो. आणि या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. जमीन न मिळाली तर ते धोतराच्या सोग्यात शिरते, मेंढीच्या लोकरीत शिरते, बैलाच्या हिरडीत शिरते. तिचा तो धर्मच आहे. दोष विळा उशिरा लावणाऱ्याचा.

एवढे ज्ञान झाल्यावर माणूस गप्प बसत नाही. २०१९ साली मी ठरविले की आता उशीर म्हणून करावयाचा नाही. पंचांग उघडले. त्या वर्षी घटस्थापना २९ सप्टेंबरला होती. घटात धान्य रुजत घालण्याच्या दिवशीच माळाला विळा लावावा, याहून चांगला मुहूर्त कोणता? आजी म्हणाली, "गुर्जी, अजून हत्ती हाय." मी ऐकले नाही. गवत कापले, एक दिवस ऊन दिले, दुसऱ्या दिवशी पाऊस आला. उघडीप पाहून पुन्हा पसरले, पुन्हा सर आली. शेवटी कंटाळून, वरून कोरडे लागते आहे असे पाहून, गंज रचला. आठ दिवसांनी पहाटे गोठ्याकडे गेलो तो गंजाच्या माथ्यावरून वाफ निघत होती. आत हात घातला तो चटकन मागे घ्यावा लागला. गंज मोडला, तेव्हा पोटात सारे काळे पडलेले, वर पांढरी बुरशी, आणि कुबट आंबूस वास. ओलसर गवत गंजात दडपले की त्यातील जंतू ते कुजवू लागतात आणि त्यातून उष्णता निघते. मोठ्या गंजात ती इतकी वाढू शकते की बाहेरून ठिणगी न पडताही आग लागावी. आम्ही तेवढ्यातून बचावलो. गवत मात्र सारे उकिरड्यात गेले, आणि त्या उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागली. त्या वर्षीचा पाऊस नोव्हेंबर उजाडला तरी हटला नव्हता, हे सांगून मी घरात माझी बाजू मांडली. आमच्या घरातून एवढेच उत्तर आले, "मुहूर्त तुम्ही पाहिलात खरा; पण तो गवताला कळविला होता का?"

या प्रश्नात विनोदाहून अधिक काही होते. माझी चूक कोठे झाली हे पुढच्या वर्षीच्या पंचांगाने दाखविले. २०२० साली अधिक आश्विन आला, आणि घटस्थापना १७ ऑक्टोबरला गेली. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस पुढे. सणांचे महिने चंद्राच्या गतीवर चालतात, ते मागेपुढे होतात आणि अधिक मासाने पुन्हा जाग्यावर येतात. गवताला तिथी कळत नाही. ते सूर्याकडे पाहून फुलते. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे आहेत. सूर्य हस्तात जातो तो दरवर्षी २७ सप्टेंबरच्या आसपास, चित्रेत १० ऑक्टोबरच्या आसपास, स्वातीत २४ ऑक्टोबरच्या. दिवसा-दोन दिवसांचा फरक, अधिक नाही. माझ्या हाती पंचांग होते, त्यात ही नक्षत्रेही छापलेली होती. पण मी पाहिली ती तिथी. आजी मात्र नक्षत्रावर चालत होती. ज्योतिषाचा अभ्यास कोणाचा अधिक खरा, हे वाचकांनीच ठरवावे.

त्या वर्षी साथीमुळे कचेऱ्या बंद होत्या, आणि पुण्यास संगणकाच्या कंपनीत असलेला आमचा पुतण्या घरीच बसून काम करीत होता. या पुतण्याविषयी थोडे सांगावयास हवे. द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून आमच्या बाजूच्या माळांना निराळेच भाव आले आहेत. आमच्या भाऊबंदांनी आपला माळ केव्हाच विकला. तेथे आता बंगला आहे, आणि बंगल्यापुढे गालिच्यासारखे विलायती गवत. पुतण्याचे म्हणणे सरळ होते. "काका, खाचरे राहू द्या. पण माळावर काय आहे? नुसते गवत." बंधू या प्रश्नावर गप्प राहात. घरात दोन मुलांची शिक्षणे व्हावयाची होती, गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. तो मुलगा लोभी नव्हे. हिशेबी आहे, आणि हिशेब करणे हा काही दुर्गुण नव्हे. त्याचे 'नुसते गवत' ऐकताना मला मात्र चतुर्थीचा नियम आठवे, आणि माझ्याजवळ उत्तर नसे. दोन वर्षे मी त्या माळातून काय काढले होते? एकदा हाडे, एकदा उकिरडा.

त्या आश्विनात १४ ऑक्टोबरला पुण्याकडे मोठा पाऊस झाला. तो येणार हे पुतण्याने वेधशाळेचे अंदाज पाहून आधीच सांगितले होते, आणि आजी म्हणत होती की चित्रेचे पाणी अजून पडावयाचे आहे. दोघांचे एकमत झाल्यावर मास्तराने बोलण्याचे कारण उरले नाही. आभाळ निवळले तसे नवरात्राच्या शेवटच्या दिवसांत विळे लावले. मजूर मिळत नव्हते, म्हणून शेजारच्या दोन घरांशी सावड केली: आज आमचे गवत, उद्या त्यांचे, मग सर्वांची भाते. भात खरोखरच चार दिवस थांबले. खंडेनवमीला विळे पूजेस मांडले तेव्हा त्यांच्या पात्यांवर गवताचा हिरवा रंग तसाच होता. एरवी आमच्या घरी गंजलेले विळे चिंचेने घासून पूजेस ठेवीत.

कापण्याची रीत आजीने शिकविली. जमिनीपासून चार बोटे सोडून कापावे. ठोंबाच्या बुडाशी पुढल्या वर्षाचे कोंब असतात, ते दुखवू नयेत. सकाळी दव उडाल्यावर कापावे, पातळ पसरावे, दुपारी एकदा उलथावे, संध्याकाळी लहान ढीग करून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरावे. काडी वाकविली असता लवते तोवर कच्ची. कट्‌कन मोडते तेव्हा गंजास योग्य. पान मात्र हिरवटच राहिले पाहिजे. आणि दरसाल माळाचा एक पट्टा न कापता ठेवावा, पुढल्या साली दुसरा. म्हणजे चांगल्या गवतांचे बी जमिनीवर पडते, आणि लाव्यांना, तितरांनाही आडोसा राहतो. ही दृष्टी आपल्याकडेच आहे असे नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये रानफुलांची कुरणे राखण्याबद्दल सरकारी साहाय्य घेणाऱ्या शेतकऱ्याला सखल भागात १५ जूनपूर्वी गवत कापता येत नाही. फुलांना बी धरू द्यावे लागते. तेथे घाई करू नये म्हणून कायदा आहे. आमच्याकडे दिरंगाईवर विळ्याखेरीज उपाय नाही.

त्या गंजाचा वास मला अजून आठवतो. जनावरे गव्हाणीतली शेवटची काडीसुद्धा ठेवीनात. दूध उन्हाळाभर टिकले.

गवत आले, तशी त्याच्या राखणीची काळजी आली. फाल्गुन-चैत्रात आमच्या डोंगरांना वणवे लागतात. काही विडी-काडीने, काही जाणूनबुजून. रान जाळले की गवत जोमाने फुटते, अशी समजूत आहे. राखेने पहिले चार दिवस हिरवे दिसते, हे खरे. पण पृष्ठभागावरचे बी जळते, पालापाचोळा जळतो, आणि उघडी पडलेली माती ज्येष्ठाच्या पहिल्या सरींबरोबर इंद्रायणीत जाते. मौज अशी की कुसळीचे बी गिरमिटासारखे आधीच जमिनीत शिरलेले असते, म्हणून ते बचावते. वणवा लावणारा चांगले गवत जाळतो आणि कुसळीला रान मोकळे करून देतो. आम्ही आता गवत निघताच माळाच्या वरच्या कडेने दहा हात रुंदीचा पट्टा साफ करून ठेवतो.

याच काळजीचे एक थोर उदाहरण आपल्या इतिहासात आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी चिपळुणाकडे छावणीस असलेल्या लष्करी अंमलदारांना पत्र लिहिले. पावसाळ्याच्या बेगमीचे दाणा-गवत आताच मनास येईल तसे उधळू नका, मग घोडी मरतील आणि तुम्ही रयतेस उपद्रव द्याल, हे त्यात आहे. आणि विस्तवाविषयी जपा, रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताचा नाश होईल, हेही आहे. सिंहासनावर बसू पाहणारा पुरुष उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करीत होता. गवत क्षुल्लक असते, तर त्याने केला नसता.

प्राचीनांनीही केलेला दिसतो. मनुस्मृतीत गावाभोवती शंभर धनुष्ये जमीन चराईस मोकळी ठेवावी असे आहे, आणि कौटिल्याने कुरणांवर विवीताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला आहे. अलीकडच्या काळात पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात बर्न्स, कुलकर्णी आणि गोडबोले यांनी १९२५ च्या सुमारास आपल्याकडील गवताळ रानांचा शास्त्रीय अभ्यास केला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने चराईबंदी केली. जनावर रानात न सोडता गवत कापून आणावयाचे, असा नियम गावाने पाळला, आणि उजाड डोंगर गवताने भरले. आम्ही तोच धडा लहान प्रमाणावर गिरविला. पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत माळावर जनावर सोडीत नाही. कोवळा कोंब त्या वेळी खुडला गेला की चांगल्या गवताचे ठोंब मरतात, आणि त्यांच्या जागी घाणेरी व रानमोडी येऊन बसतात.

पुतण्याच्या सूचनेवरून एक नवा प्रयोगही केला. स्टायलो नावाची द्विदल वैरण असते. तिच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतला नत्र धरून जमिनीस देतात, म्हणजे गवताबरोबर डाळीचे पीकच जणू. बियांचे कवच कठीण, म्हणून त्या कढत पाण्यात थोडा वेळ घालून मग पेरल्या. उतारावर छान आली; खालच्या पाणथळ कोपऱ्यात कुजून गेली. आमच्या पाटातल्या वरणभातासारखी आता जनावरांच्या गव्हाणीतही थोडी डाळ पडते, असे घरात म्हणतात.

राहता राहिला माळाचा प्रश्न. पुढच्या दिवाळीत सारे एकत्र बसलो. पुतण्यानेच कागद पुढे ठेवला. त्यात एका बाजूला जमिनीचा भाव होता, दुसऱ्या बाजूला विकत घ्यावी लागली असती ती वैरण, घरातल्या नऊ माणसांचे दूध आणि खाचरांना लागणारे शेणखत. दोन्ही बाजू बरोबरीच्या नव्हत्या. जमिनीचा आकडा फारच मोठा होता, हे लपविण्यात अर्थ नाही. कागदाखाली त्याने एवढेच लिहिले होते की हा आकडा एकदाच येतो. बंधूंच्या शस्त्रक्रियेसाठी रस्त्याकडचा एक एकर विकावा आणि तीन एकर ठेवावेत, असे सर्वानुमते ठरले. त्या एकराचे मला वाईट वाटले, वाटतेही. पण बंधू आता आधाराशिवाय माळापर्यंत चढून येतात, आणि गंज रचताना खालून सूचना करतात.

आजी गेल्या चित्रेत आली नाही. तिची दृष्टी गेली आहे. तिची सून आली. मी तिला विचारले, "कापावयाचे ना?" तिने ओंबी बोटांत चुरडली आणि मान हलविली. मी पंचांग घरी ठेवून गेलो होतो.

व्याकरणाविषयी एक शेवटचे. चतुर्थी ही अनादरासाठी लागते ती अपवादाने. तिचा मुख्य अर्थ संप्रदान, म्हणजे ज्याला द्यावयाचे त्याची ती विभक्ती. शिकवावयास पुन्हा वर्ग मिळाला, तर मी मुलांना सांगेन की गवताला चतुर्थी लावावयाचीच असेल तर ती या अर्थाने लावा. त्याला द्यावयाचे फारसे काही नसते: पावसाचे दोन महिने, बुडाशी चार बोटे, बियांसाठी एक पट्टा आणि आपल्या कामांत पहिला मान.